ठशांचा माणूस

ठसेकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या भांड्याच्या बुडाकडे. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी आमटीने भरलेली वाटी डोक्याच्या वर उचलली आणि खालून काही वाचता येतं का ते बघू लागले. आमटी त्यांच्या टायवर सांडली. आई फडकं आणायला धावली, तर काका म्हणाले, "राहू द्या वहिनी, स्टेनलेस आहे." हे टायबद्दल नव्हतं, वाटीबद्दल होतं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्या काळात काकांच्या प्रत्येक गोष्टीला आम्ही हसायचो. विक्षिप्त म्हातारा म्हटलं की त्याला बरंच काही माफ होतं.

बर्मिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना डॉक्टर म्हणणारे थोडेच, ठसेकाका म्हणणारे जास्त. हॉस्पिटलात भूल द्यायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ज्वेलरी क्वार्टरमध्ये, म्हणजे इथल्या सराफकट्ट्यात, दुकान घेतलं. पुढे काचेची कपाटं, मागे छोटी कार्यशाळा. विकायला जुनी अमेरिकन चांदी. इंग्लंडात राहून अमेरिकन का, असं कोणी चुकून विचारलं की ठरलेलं भाषण सुरू व्हायचं. "इथं चांदी खरी की खोटी ते कचेरी सांगते. तपासलं, सिंहाचा शिक्का मारला, झालं. अमेरिकेत अशी सिस्टिमच नव्हती. तिथला कारागीर नाणी वितळवायचा, चहाची किटली घडवायचा आणि बुडावर स्वतःच्या आडनावाचा ठसा ठोकायचा. सिंह नाही, राजा नाही. नाव हीच गॅरंटी!"

मी या भाषणाला भुलले. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे, इथे हॉस्पिटलच्या पोर्टर लोकांची लिहू लागले, आणि मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या घड्या घालत मोठी झाले. राजाच्या शिक्क्याशिवाय स्वतःच्या नावावर उभा राहणारा कामगार मला ओळखीचा वाटला. काकांनी विचारलं, "कॅटलॉग लिहिशील का माझा, कॉम्रेड?" युनिव्हर्सिटी संपली होती, नोकरी नव्हती. मी हो म्हटलं.

आपल्या लोकांची ते मनसोक्त टर उडवायचे. मंडळातल्या कुणाच्या लग्नात भेटींचा ढीग दिसला की हळूच एखादा डबा उलटा करायचे आणि मोठ्याने वाचायचे, "मामा-मामींकडून सप्रेम भेट!" मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "बघ. देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, तारीखसुद्धा आहे. हा डबा ज्याने घडवला तो कुठाय? आपल्याकडे कोणी विचारलंय कधी?" हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं होतं. आजही ते मला खरं वाटतं. म्हणूनच काकांवरचा माझा राग जात नाही.

कारण काका खोटं बोलत नसत. जुने अमेरिकन दुकानदार दुसऱ्याकडून माल घ्यायचे आणि त्यावर आपलंच नाव ठोकायचे. काहीजण इंग्लिश माल वाटावा म्हणून सिंहासारखं काहीतरी मारायचे. असा चमचा हाती आला की काका आनंदाने किंचाळायचे, "पकडला!" मग मला कार्डावर लिहायला लावायचे, "नाव विक्रेत्याचे. घडवणारा अज्ञात." अशाने वस्तूची किंमत उतरायची, पण ते लिहायचेच. गिऱ्हाईक बावळट असलं तरी त्याला खरं सांगायचे. घडवणारा आणि विकणारा यांतला फरक सबंध बर्मिंगहॅममध्ये कोणाला नीट कळत असेल, तर तो या माणसाला.

आणि मागच्या कार्यशाळेत मंगलताई बसायच्या.

मंगल कोळेकर मूळच्या हुपरीच्या, चांदीकामाच्या गावच्या. तिथे घरोघरी बायका पैंजणांच्या कड्या जोडतात. मंगलताई हे काम वयाच्या दहाव्या वर्षापासून करत होत्या. लग्न होऊन इथे आल्या. नवरा सिटी सेंटरची बस चालवतो. काकांच्या दुकानात त्या चेपलेली भांडी सरळ करायच्या, तुटलेले कान डाख देऊन जोडायच्या, आणि मधल्या वेळात नवी भांडी घडवायच्या. काका मंडळातल्या सगळ्या बायकांना अहो-जाहो करायचे. मंगलताईंना मात्र "ए मंगल" अशी हाक होती. त्या पंचेचाळिशीच्या होत्या.

दुकानातलं माझं दुसरं वर्ष चालू असताना मंगलताईंनी एक वाडगा घडवला. जुन्या अमेरिकन वाडग्यासारखा साधा, पोटाशी फुगीर. पण काठाखाली त्यांनी पैंजणासारख्या बारीक कड्यांची एक ओळ डाखली होती. तीन महिने लागले. चांदी दुकानाची होती, पण कल्पना, हात आणि डोळे त्यांचे. काकांनी तो वाडगा उजेडात धरून कड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "या दुकानातून याहून चांगली वस्तू गेलेली नाही."

मंगलताईंनी हात पुसले आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्याच्या बुडाला माझी दोन अक्षरं बसतील का?"

"तुझी?" काका हसले. "अगं, ठसा म्हणजे काय नेलपॉलिश आहे का, हौस आली म्हणून लावायला? तो रजिस्टर करावा लागतो. जबाबदारी असते."

"मग करा की रजिस्टर. मी कुठं पळून जाणार हाय?"

"बघू," काका म्हणाले. आणि वाडगा स्वतःच्या ठशाने तपासणीला पाठवला. परत आला तेव्हा बुडावर काकांची दोन अक्षरं ढालीच्या चौकटीत बसली होती आणि शेजारी सिंह. तो त्यांचा लाडका, नावं ठेवायला हक्काचा सिंह.

त्या वसंतात शहरातल्या कारागिरांचं एक प्रदर्शन होतं. काकांनी वाडगा तिथे पाठवायचं ठरवलं आणि कार्ड लिहायला मला सांगितलं. मी लिहिलं, "घडवणारी: मंगल कोळेकर." काकांनी पट्टी घेतली, पेन्सिल घेतली आणि ते नाव एका सरळ रेषेने खोडलं.

"मला लेबल हवंय कॉम्रेड, पत्रक नको."

"काका, वाडगा त्यांनी घडवलाय."

"मी कुठं नाही म्हणतो? पण कायद्यात याला स्पॉन्सरचा मार्क म्हणतात. जो वस्तू तपासायला पाठवतो त्याची अक्षरं. हातोडी कोणी धरली ते कायदा विचारत नाही. तूही विचारू नकोस."

मी तेव्हा बरंच वाचत होते. अमेरिकेच्या दक्षिणेत चांदीच्या कित्येक दुकानांत हातोडी गुलाम माणसांच्या हातात असायची आणि ठसा मालकाचा पडायचा, हे मला समजलं होतं. काकांच्या कपाटातही तिकडचे चमचे होते. त्यांच्या भाषणात हे कधीच का येत नाही, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, चिडतील. ते चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, मी ठशांचा माणूस आहे. ज्याचा ठसाच नाही त्याच्याबद्दल मी काय बोलणार?"

हे वाक्य मी वहीत उतरवलं नाही. त्याची गरज पडली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मंगलताई मोरपंखी साडी नेसून आल्या होत्या. हॉलमध्ये उकडत होतं म्हणून काकांनी कोट काढला आणि त्यांच्या हातात दिला. वाडग्याभोवती माणसं जमली. एका इंग्लिश बाईंनी काकांना विचारलं, "हा तुम्ही घडवलात?" काकांनी मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "माझ्या कार्यशाळेतला आहे, मॅडम." यातही खोटं काही नव्हतं. मंगलताई दोन हात अंतरावर कोट धरून उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना चांगलं समजतं.

मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. जे सुचलं ते सगळं बोलले. मालक, चोर, ढोंगी. बाबांच्या पत्रकांतले एकूण एक शब्द वापरले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? जाताना स्पेलिंग बघून जा. कॅटलॉगमध्ये दोन चुका आहेत." चुका खरोखरच होत्या. मी त्या दुरुस्त केल्या आणि मग दार आपटून गेले.

मंगलताईंना वाटेत गाठून हा पराक्रम सांगितला, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "तू सोडलीस, तुला दुसरी मिळंल. माझं काय? तुझं भांडण झालं, माझी अक्षरं कुठं उठली?" मग म्हणाल्या, "त्यो रजिस्टरचा फॉर्म कुठं मिळतो, त्ये सांग. भाषण नको."

फॉर्म आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात भरला. किमान दोन अक्षरं आणि त्याभोवती एक चौकट लागते. कागदावर काढलेल्या सगळ्या चौकटी पाहून त्यांनी शंकरपाळ्याचा आकार निवडला. "ह्यो सोपा. कुणीबी वळखंल." काही आठवड्यांनी ठसा उमटवायचा पोलादी पंच पोस्टाने आला. त्यांनी तो साबणाने धुतला, देवापुढे ठेवला आणि सोमवारी काकांना दाखवायला नेला.

काकांनी भिंग लावून पाहिला. "अक्षरं चांगली कापलीत. अभिनंदन," म्हणाले. "पण एका दुकानात दोन ठसे चालत नाहीत, मंगल."

"मग मी निघते," मंगलताई म्हणाल्या. ॲप्रनची घडी करून त्यांनी बाकावर ठेवली. आता त्या शहरातल्याच हँड्सवर्थ भागात घराच्या गॅरेजमध्ये काम करतात. पैंजण, वाट्या, लहान मुलांचे वाळे. प्रत्येक वस्तूवर शंकरपाळं असतं.

काकांना त्यांच्यासारखा हात दुसरा मिळाला नाही. गेल्या हिवाळ्यात ते स्वतः मंगलताईंच्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बगलेत एक अमेरिकन कॉफीपॉट होता. बुडावर ठसठशीत आडनाव, शोधूनही सापडू नये अशी वस्तू, पण झाकणाची मूठ तुटून हरवलेली. मी तेव्हा तिथेच होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मूठ बनवून देशील का? जुन्यासारखी?"

"दीन की," मंगलताई म्हणाल्या. "पर मूठ मी केली तर तिला माझा ठसा. आतल्या अंगाला, बारीक."

"या पॉटवर? तुझा?" काकांचा आवाज चढला. "अगं, याच्यावर एक नाव आहे. त्याच्या शेजारी नवा ठसा आला की कलेक्टर हातसुद्धा लावणार नाही."

"पॉटला कुठं मारते? मुठीला मारते. मूठ त्यानं केली न्हाई, मी करणार."

काका झाकण हातात फिरवत उभे राहिले. ठसा न मारता मूठ करून दे, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी ते म्हटलं नाही. कोणी केलं ते लपवून वस्तू विकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि कोणी केलं ते लिहून विकणं त्यांच्या जिवावर येत होतं. शेवटी त्यांनी पॉट फडक्यात गुंडाळला आणि ते निघून गेले.

तो पॉट अजून त्यांच्या काचेत आहे. शेजारी कार्ड आहे, अक्षर त्यांचंच: "झाकण अपूर्ण." विकला जात नाही. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा काका आत दिसतात, भिंग लावून कशाच्या तरी बुडाशी काहीतरी शोधत असतात. मी आत जात नाही.

मागच्या आठवड्यात मंगलताईंनी मला फळीवरचा एक डबा उघडून दाखवला. आत कापसावर चांदीची छोटी मूठ होती, डाळिंबाच्या कळीसारखी. त्या दिवशी काका वाद घालत असताना त्यांनी नजरेनेच माप घेतलं होतं. खालच्या अंगाला शंकरपाळ्यात दोन अक्षरं होती.

"बसवायला पाच मिनिटं लागत्यात," त्या म्हणाल्या. "डॉक्टरसाहेबांना सांग. म्हणावं, कवाबी या."

हा निरोप मी पोचवलेला नाही आणि पोचवणारही नाही. घर काकांनी पाहिलेलं आहे. त्यांनी यावं, दार वाजवावं आणि मंगल कोळेकर आहेत का, असं विचारावं.