बाबांची भूक आणि दुपारची झोप

वडिलांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. साताऱ्यात बाबांच्या पोटावर घड्याळ लावावं. सकाळी नऊला जेवण, रात्री आठला जेवण, दोन्ही वेळा तीन-तीन भाकऱ्या. जयपूरला उन्हाळा लागला, बाबांच्या विमा कचेरीची वेळ सकाळी सात ते एक झाली आणि सगळंच बिनसलं.

बाबा दीडला येत, जेवत आणि दाराला वाळ्याचा ओला पडदा सोडून झोपत ते थेट सहाला उठत. मग चहा आणि मूठभर शेव. नऊला आईनं पान वाढलं की म्हणत, "अर्धीच भाकरी दे गं. मतलब, नकोच." 'मतलब' हा शब्द त्यांनी महिन्याभरात उचलला होता, भूक मात्र कुठं सांडली ते कळत नव्हतं. रात्री गच्चीवर आम्ही सगळे गाढ झोपायचो आणि ते एकटे कूस बदलत पडायचे. सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी नुसत्या चहावर कचेरीत. अकराला पोटात कावळे ओरडले की समोरच्या हलवायाच्या दोन कचोऱ्या. म्हणजे दुपारच्या जेवणाचीही वाट.

आईला वाटलं, आपल्या हाताची चवच गेली. ओवा झाला, हिंग झाला, आलं-लिंबू झालं. एक दिवस ती जिन्यात बसून घरमालकिणीपाशी रडलीच. खालच्या मजल्यावरचं ते कुटुंब जैन. त्यांची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली असत. आई घरमालकिणीला जीजी म्हणे. जीजींनी सगळं ऐकून विचारलं, "भाईसाहब दोपहर को कितना सोते हैं?"

"चार घंटे," आई म्हणाली. "कधी कधी साडेचार."

"तो भूख बेचारी भी सो जाती होगी. कल से बाऊजी को भेजती हूँ."

बाऊजी म्हणजे जीजींचे सासरे. वय ऐंशीच्या घरात, दिवसा कधी आडवे न होणारे. दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला ते चौपडीचा, म्हणजे आपल्या सोंगट्यांचा, कापडी पट काखेत मारून वर आले. घरमालकाच्या वडिलांना 'मला झोपायचंय' कसं सांगणार? बाबा बसले. कवड्या मुठीत धरूनच त्यांना डुलकी लागली. बाऊजींनी गुडघ्यावर टिचकी मारली, "साहबजी, आपकी चाल." पुन्हा डुलकी, पुन्हा टिचकी. तीन दिवस बाबा सगळे डाव हरले.

चौथ्या दिवशी साडेसहालाच ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. "झालं का?" भाकरी अजून तव्यावर होती. त्यांनी पाच भाकऱ्या आणि आईच्या वाटचं पिठलंसुद्धा संपवलं. आई दही-पोहे खाऊन राहिली, पण चेहरा असा की जणू तिचाच सत्कार झाला. नऊच्या आत बाबा घोरू लागले.

पुढचं मात्र जीजींनी सांगितलं नव्हतं. नऊला झोपलेला माणूस चारला उठतो, आणि साडेसहाला जेवलेला असला तर भुकेला उठतो. रोज पहाटे डबे वाजू लागले. "अगं, चिवडा कुठं ठेवलायस?" आई धडपडत गच्चीवरून खाली येई आणि उपमा टाकी. आठवड्याभरात तिची झोप उडाली. दुपारी ती चौपडीपाशी बसल्या बसल्या पेंगू लागली आणि संध्याकाळी तिलाच जेवण जाईना.

शेवटी तीच खाली जाऊन बाऊजींना म्हणाली, "उद्यापासून तीन बजे या. एक तास त्यांना झोपू द्या. मलाही."

तेवढ्यानं घडी बसली. रात्रीचं जेवण आठला ठरलं, पहाटेचे डबे वाजायचे थांबले, आणि कचोऱ्यांऐवजी आई दशम्यांचा डबा देऊ लागली. पण तासभर झोपून ताजेतवाने झालेले बाबा आता डावावर डाव जिंकू लागले. आठ दिवसांनी बाऊजींनी आईला बाजूला बोलावून हळूच विचारलं, "बहूजी, मैं फिर से दो बजे आ जाऊँ?"

आईनं त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि तोंडाला पदर लावून आत पळाली.