माझी गाडी डब्यातच राहिली

आंबागडात असेपर्यंत चालता न येण्याची मला कधी भीती वाटली नाही. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले, पण हात होते. हातांत रबरी चपला घालायच्या आणि बसल्या बसल्या अंग पुढे ढकलायचं. घरातून अंगणात, अंगणातून शेजारी, बाबा मासे धरायचे त्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवरसुद्धा मी अशीच जायचे. पुढे भंडाऱ्याच्या एका शिबिरात मला तीनचाकी सायकल मिळाली. समोरचं पायडल हातांनी फिरवायचं, की ती चालायची. आता माझ्याकडे बॅटरीवर चालणारी खुर्ची आहे, बोटानं बटण दाबलं की वळते. तेव्हा ती तीनचाकी म्हणजेच माझं सगळं होतं. घरात सगळे तिला ‘गाडी’ म्हणत. मीही म्हणायचे, आणि त्या एका शब्दानं पुढं माझे हाल केले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बावीस-तेवीस वर्षांची असेन. शाळेत माझं दप्तर वाहणारी, पावसाळ्यात मला पाठीवर घेऊन चिखल तुडवणारी माझी मैत्रीण लग्न होऊन नागपूरला गेली होती. तिच्या लेकाचं जावळ होतं. तिची माय निरोप घेऊन आली, “पोरगी म्हणते, ती आली नाही तं मी कात्री लावू देणार नाही.”

भाऊ मला घेऊन जाणार होता. पण नेमका धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, सुरू झाला, खळ्यावरून त्याला हलता येईना. मी म्हटलं, “मी एकटी जातो.”

माय म्हणाली, “कायले जीव धोक्यात घालून राहिली?” जाळं दुरुस्त करता करता बाबांचे हात थांबले.

भावानं बैलबंडीनं मला तुमसर रोड स्टेशनावर आणलं. गाडी लगेजमध्ये टाकली, पावती माझ्या हातात दिली. गार्डाच्या डब्याशेजारच्या सामानाच्या डब्यात ती चढताना मी पाहिली. बायकांच्या डब्यात मला उचलून बसवलं तेव्हा भाऊ म्हणाला, “नागपूर आलं का गार्डाले आवाज दे. लाजू नोको.”

आदल्या संध्याकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. वाटेत संडासाला कुठं जाणार, हा प्रश्न होता. ओठ कोरडे पडले होते, आणि ज्या शहरात मी फक्त भावाच्या खांद्यावरून दोनदा गेले होते ते जवळ येत होतं. मैत्रिणीला वाटत होतं भाऊ सोबत आहे, म्हणून स्टेशनावर घ्यायला कोणी येणार नव्हतं.

नागपूर आलं. दोन बायकांनी मला खाली उतरवलं आणि त्या आपल्या पोराबाळांमागं धावल्या. मी फलाटावर बसलेली. जमिनीवर बसलं की शहर म्हणजे नुसते पाय असतात. बूट, चपला, पत्र्याच्या ट्रंकांचे कोपरे, हमालांच्या पोटऱ्या. सामानाचा डबा पार शेवटी होता. गाडी पुढं वर्ध्याकडे जायची होती. मी चपला हातांत घातल्या आणि सरकू लागले. कोणाचा तरी गुडघा डोक्याला लागला. शिटी वाजली. सामानाच्या डब्याचं दार बंदच दिसत होतं.

“माझी गाडी!” मी ओरडले. “अहो, माझी गाडी!”

मागून एक दणकट आवाज आला, “अरे, इसकी गाडी छूट रही है! उठाओ!”

काखांत हात घालून कुणीतरी मला उचललं. मी “नाही, नाही, मले नाही, गाडी उतरवा” म्हणत राहिले, पण डब्यानं हलायला सुरुवात केली होती आणि तो माणूस धावत होता. त्यानं मला दारात ठेवलं, अगदी जपून. उंचापुरा, घामानं भिजलेला, चेहऱ्यावर केवढं समाधान! “सँभल के बैठो, बहन,” तो म्हणाला आणि मागं मागं जात दिसेनासा झाला. माझी एक चप्पल फलाटावरच पडली.

नागपूर मागं चाललं होतं. डब्यात सगळे पुरुषच होते. मी संडासाच्या दाराजवळ भिंतीला पाठ लावून बसले. कोणी विचारलं, “कुठं जायचं बाई?” मला वाटलं, आता ही गाडी थांबणारच नाही. अनोळखी स्टेशनावर रात्र होईल, आणि भाऊ मला शोधायचा कुठं? शेवटी म्हटलं, “नागपूर.” सगळे हसले. एक म्हातारे गृहस्थ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “घाबरू नका. अजनीले थांबते, तेही नागपूरच होय.”

थांबली. हातांवर भार देऊन मी स्वतःच उतरले. तळहात खरचटला. या वेळी मी ‘गाडी’ हा शब्द उच्चारलाच नाही. “गार्डसाहेब, माझी तीनचाकी सायकल!” असं गळा फाटेपर्यंत ओरडत राहिले. हिरवा झेंडा हातात घेतलेला गार्ड वळला.

“ती नागपूरची ना? मग तुम्ही इथं कशा?”

मी पावती पुढं केली. तो चिडलेला होता, पण त्यानं झेंडा खाली घेतला. दोन माणसांनी माझी तीनचाकी उतरवली. घंटी मोडली होती, बाकी सगळं शाबूत होतं. मी तिच्यात बसले आणि चाकाला हात लावून तशीच थोडा वेळ राहिले.

मैत्रिणीचं घर नागपुरातल्या महाल भागात होतं, पिठाच्या चक्कीमागं. स्टेशनाबाहेरच्या पानठेल्यावर विचारलं तर पानवाला म्हणाला, “लंबा आहे बाई. एकटीच जाऊन राहिली का?” मी हो म्हटलं आणि लगेच वाटलं, हे कायले सांगितलं.

रस्त्यावर ट्रकची चाकं माझ्या तोंडाच्या उंचीला येत होती. पायडल फिरवताना खरचटलेला तळहात जळत होता. मग रेल्वेवरचा पूल लागला. अर्ध्या चढावर हात संपले. तीनचाकी मागं घसरू लागली, मी ब्रेक आवळला. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. आणि एकाएकी तीनचाकी पुढं जाऊ लागली. कोणीतरी ढकलत होतं.

“कोण आहे?”

मला वळून पाहता येत नव्हतं. बिडीचा वास येत होता, श्वास ऐकू येत होता.

“सोडा! मले नाही पाहिजे!”

तरी ढकलणं सुरूच. शहराबद्दल ऐकलेल्या सगळ्या गोष्टी त्या चढावर माझ्या डोक्यात आल्या. चढ संपल्यावर ढकलणं थांबलं. पांढऱ्या केसांचा, खांद्यावर रिकामं पोतं टाकलेला एक माणूस माझ्या बाजूनं पुढं निघून गेला. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. स्टेशनावरचा आणि हा, दोघेही भलेच होते. पण मला कुठं जायचं आहे हे एकानंही विचारलं नव्हतं.

उतारावर ब्रेक धरून धरून मी महालात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. मैत्रिणीनं गॅलरीतून मला पाहिलं आणि अनवाणीच जिना उतरली.

“भाऊ कुठं आहे?”

“एकटी आली.”

ती पायरीवर मटकन बसली. “मरायचं होतं का तुले? काहून आली अशी?”

मी म्हटलं, “आधी मले संडासले ने.”

ती रडता रडता हसली. मग शाळेतल्यासारखंच तिनं मला पाठीवर घेतलं आणि तो अंधारा जिना चढली.

जावळाच्या वेळी बाळाला माझ्या मांडीवर दिलं, तेव्हा माझा तळहात अजून जळत होता. मी मैत्रिणीला म्हटलं, तूच धर. रेल्वेतलं मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. तिचा नवरा म्हणाला, “आंबागडपर्यंत मी येतो सोडायला.” नको म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

पुन्हा एकटीनं नागपूरला जायला मला बराच काळ लागला. त्या वेळी मी सामानाच्या डब्याला लागूनच्या डब्यात बसले आणि प्रत्येक स्टेशनावर खिडकीतून डोकं काढून गार्डाला सांगत राहिले, “साहेब, माझी तीनचाकी नागपुरात उतरवायची आहे.” तो वैतागला. मी सांगायचं थांबवलं नाही.