निळ्या फ्रॉकचे खाकी खिसे

बाळांनो, पाठवलेल्या निळ्या फ्रॉकला खाकी खिसे का, असं तुम्ही परवा विचारलंत, म्हणून लिहिते. भिंगारच्या बाजारात फ्रॉक शिवणारी एक बाई आहे. टेप गळ्यात, खडू कानामागे. शेजारचे म्हातारे शिंपी पँटींचे उरलेले तुकडे जाळायचे, तेव्हा तिचा जीव कळवळायचा. एकदा माझ्यासमोरच ती म्हणाली, “मामा, आपन एकाच टेबलावर कापू. तुमच्या तुकड्यांत माझे खिसे निघतील.”

“माझ्या कापडाला दुसऱ्याची कात्री लागत न्हाई.”

“मग तुमीच कापा की. मी नुसता खडू मारते.”

मामा हसले आणि खाकीचा गठ्ठा घेऊन आले. त्या दिवशी जाळायला काही उरलंच नाही. तिचं नाव मी विचारलं नाही. दोघं आजही एकत्रच कापतात.