शिकवण्याचा परवाना

घड्याळबाई हे नाव त्यांना शाळेतल्याच शिक्षकांनी ठेवलं होतं, कारण त्यांचा धडा घंटेच्या ठोक्याला संपायचा. सुरुवातीला त्या अशा नव्हत्या.

परीक्षकांसमोर पाठ घेऊन पास झाल्याशिवाय शिकवण्याचा परवाना नाही, असा सरकारचा नियम होता. पहिल्या वेळी बाई पाठ मध्येच सोडून एका मुसमुसणाऱ्या मुलीपाशी जाऊन बसल्या. टाचणात लिहिलेलं निम्मं शिकवायचं राहिलं आणि त्या नापास झाल्या. रडू थांबवण्याला गुण ठेवावेत, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. घरच्यांनी तोंडसुख घेतलं ते वेगळंच.

दुसऱ्या वेळी एका मुलीने भीत भीत हात वर केला. "बाई, मला एक सांगायचंय." मागे परीक्षक पेन सरसावून बसलेले. "नंतर सांग हं," म्हणून बाई पुढच्या मुद्द्यावर गेल्या. पाठ वेळेत संपला, परवाना पदरात पडला. आनंदाच्या भरात त्या मुलीला विचारायचंच राहून गेलं.

पुढे सगळी नोकरी त्या एका 'नंतर'वर निभली. वर्गात तेच, घरातही तेच.

आता निवृत्त झाल्यावर बाईंना वेळच वेळ आहे. काल लेक माहेरी आली, तीही सुजलेल्या डोळ्यांनी. चहाचा कप नुसताच हातात धरून बसली. बाईंनी जवळ सरकून विचारलं, "काय गं, काही सांगायचंय का?"

लेकीने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"नंतर सांगते, आई," ती म्हणाली.