न सांगता मारलेला वजीर

वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला जाऊन मला वर्ष होत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांचं सेलूला सायकल दुरुस्तीचं दुकान. मी तिथे नेमकं काय शिकतो, हे मला त्यांना कधी नीट सांगताच आलं नाही. शेवटी ते म्हणाले, "मले एकदा दाखव. नाई पटलं तं दुकानावर येजो."

मी त्यांना कॉलेजच्या लॅबमध्ये घेऊन गेलो. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. बाबांनी काढल्या आणि आत शिरताना नकळत उंबऱ्याला हात लावला. काय दाखवावं, मला सुचेना. मग बुद्धिबळ उघडलं. दुकानापुढच्या बाकावर बाबा रोज संध्याकाळी खेळत. त्यांना हरवणारं आमच्याकडे फारसं कुणी नव्हतं. पण हे बुद्धिबळ वेगळं होतं. पडद्यावर एकावर एक तीन पट, आणि मोहरे वरच्या पटावरून खालच्या पटावरही जायचे. समोर खेळणारा कॉम्प्युटरच.

"हे तं तीनमजली हाय बे!" बाबा हसले.

चाल ते सांगायचे, माउस मी हलवायचो. मधल्या पटावर त्यांनी असा बंदोबस्त केला, की मला वाटलं, जिंकतात की काय. तेवढ्यात वरच्या पटावरचा उंट तिरपा खाली आला आणि त्याने अगदी खालच्या पटावरचा आमचा वजीर मारला.

"अबे! सांगतलं नाई त्यानं!"

आमच्या बाकावर रीतच होती. वजिरावर नेम धरला की आधी "वजीर सांभाळा" म्हणायचं. न सांगता मारला तर चाल परत.

मी चाचरत म्हणालो, "बाबा, त्याले हे कोणी शिकवलंच नाई."

"म्हंजे शिकवा लागते याले?"

"हो. कसं खेळाचं, ते माणसंच लिहून ठेवते."

बाबा पडद्याकडे वाकून बघत राहिले. "तिन्ही मजले एकदमच दिसते याले," ते हळूच म्हणाले. त्यांचा असा आवाज मी फक्त केळझरच्या गणपतीपुढे ऐकला होता. माझ्याही अंगावर काटा आला. वर्षभर त्याच खुर्चीत बसून मला हे असं कधी दिसलंच नव्हतं.

बाहेर चपला घालताना त्यांनी विचारलं, "तुले जमंन का, त्याले आपली रीत शिकवणं?"

"आता नाई जमत. अजून खूप शिकावं लागंन," मी खरं ते सांगितलं.

"मंग शिक. दुकान पाह्यतो मी." थोडं चालून गेल्यावर ते थांबले. "तोवर वजीर राहू दे त्याच्यापाशी."