चकमकीवरचं कुंकू

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या क्लबात सभासद सुट्या भागांचं किट आणून चकमकीच्या ठिणगीनं उडणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुका जोडायचे. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा इंग्रज रिकाम्या बंदुकीचं तोंडही भिंतीकडेच ठेवायचा. मला हसू यायचं.

दसऱ्याला मी माझ्या बंदुकीची तेल-कुंकू लावून साग्रसंगीत पूजा केली. शनिवारी क्लबात सगळ्यांसमोर चाप ओढला, तर ठिणगीच पडेना. मी मनातल्या मनात देवावर चिडलो.

म्हाताऱ्यानं चकमक चाचपली. "हे तेलकट लाल काय?"

"पूजा केली," मी पुटपुटलो.

फडकं घेत त्यानं विचारलं, "काय मागितलंस?"

"हिच्यामुळे कुणाला इजा होऊ नये."

त्याचा हात थांबला. "मग पुसू, की राहू दे?"

सगळे बघत होते.

"पुसा," मी म्हणालो.

त्यानं पुसलं, आणि तोंड भिंतीकडे वळवून बंदूक माझ्या हातात दिली.