कोर्ट उठेपर्यंत

कुठल्याही दारातून बाहेर पडताना ते थबकायचे आणि दोन्ही हात खांद्याइतके वर करायचे. रोह्याच्या रासायनिक कंपनीत सतरा वर्षं ठेकेदाराकडे काम. प्रत्येक शिफ्टच्या शेवटी गेटवर झडती. वरसे गावात आम्ही शेजारी राहायचो. माझ्या घरातून निघतानाही त्यांचे हात अर्धे वर जायचे, मग ओशाळून म्हणायचे, "सवय हाय ओ." तुम्ही रोह्यात राहिला असाल, तर असे हात तुम्हीही पाहिले असतील.

कंपनीचा वास अंगाला राहतो, याची त्यांना लाज होती. "गेला का वास?" असं अंघोळीनंतर बायकोला विचारायचे. ती म्हणायची, माणूस नाय, केमिकलचा ड्रम आलाय, ते आंधळ्यालाबी कळंल.

पुतणीच्या साखरपुड्याला ते पेणला गेले. वाटेत, वस्तू आपल्या हाताने उचलून घ्यायच्या एका नव्या दुकानात शिरले आणि सेंटची छोटी बाटली उचलली. पैसे जवळ होते. पण काउंटरवर तरुण मुलगी होती, रांगेत दोन बायका हसत होत्या. पिकल्या मिशीच्या माणसाने सेंट पुढे ठेवायचा कसा? बाटली पँटच्या खिशात गेली.

दारातला रखवालदार कुणाचीच झडती घेत नव्हता. त्याचा गणवेश दिसताच यांचे दोन्ही हात वर गेले. त्याने गंमत म्हणून खिसे चाचपले.

बाटली हाताला लागली. पैसे घ्या म्हणून ते विनवत राहिले. मालकाने पोलीस बोलावले.

काही महिन्यांनी पेणच्या कोर्टात तारीख लागली. बातमीदार म्हणून मी तिथे रोजचा. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की गुन्हा कबूल केला तर थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा, त्याच दिवशी मोकळं, नाहीतर तारखा. तारखा म्हणजे कामावर खाडे. कंपनी त्या वर्षी जुन्या ठेका कामगारांना कायम करणार होती आणि खाडे बघितले जाणार होते.

व्हरांड्यात त्यांनी मला एवढंच विचारलं, "रात्रपाळीला पोचंन ना मी?"

"पोचाल," मी म्हणालो. कबुलीनंतरची शिक्षा नोंदीत राहते, हे मला माहीत होतं. त्यांनी ते विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, कुणाच्या दबावाखाली कबूल करत नाही ना?

"नाय साहेब. घेतलीय मी."

मग ते मागच्या बाकावर बसले. शिक्षा भोगता भोगता एका म्हातारीला तिची पुढची तारीख वाचून दाखवली, पंख्याखालची जागा दिली. रात्रपाळी गाठली.

कायम करण्याआधी कंपनीने प्रत्येकाचा पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला मागवला. त्यांच्या दाखल्यावर शिक्षेची नोंद होती. यादीतून नाव गेलं. आठवड्याभरात ठेकेदाराने गेटपासही काढून घेतला.

मी त्यांना ओळखीच्या वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "कबुलीवर झालेल्या शिक्षेत अपील करायचं, तर शिक्षा जास्त झाली असंच म्हणावं लागतं. काका, याहून कमी मी काय मागू?" हे ऐकून तेच समजुतीने हसले, जणू अडचण वकिलांची होती.

यादीची बातमी मीच दिली. मथळा होता, "सर्व पात्र कामगार कायम".

वरशाची खोली सोडून ते सासुरवाडीला, गडबला गेले. वर्षभराने मला धरमतरच्या जेट्टीवर भेटले. बार्जवरचा माल उतरवायला रोजावर लागले होते. तिथे दाखला कुणी मागत नव्हतं.

"बातमी वाचली," ते म्हणाले. मग यादीतल्या कुणाला वॉल्व्ह फिरवायला शिकवलं, कोण पहिल्या दिवशी मास्क उलटा बांधून आला होता, ते एकेकाचं नाव घेऊन सांगत राहिले. "सगळी आपलीच पोरं ओ. झाली कायम."

बार्ज धक्क्याला लागली. मुकादमाला अजून त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. त्याने हाक मारली, "ए नवीन, चल."

पन्नाशी उलटलेला तो माणूस लगबगीने उठला.